व्हिटबीजवळ सुट्टी: कॅरॅव्हन घ्यावी की लॉज? (सोबत आई-बाबा आणि दोन मुलं)

नॉटिंगहॅमची_अनुजा

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मेच्या मध्याला कराडहून येतायत, ऑगस्टपर्यंत आहेत. लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट मागच्या खेपेला झालं. या वेळी बाबांनी फोनवरच सांगून टाकलंय, "रोज बॅगा भरून पळायला लावू नकोस. एका जागी नेऊन ठेव. जवळ बंदर असलं, बोटी येता-जाता दिसल्या की मला पुरे." म्हणून यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं व्हिटबी ठरवलंय. हॉटेल नको, कारण आई तिसऱ्या दिवशी हमखास म्हणते की मला माझ्या हातचा चहा हवा.

आता घोळ असा की हॉलिडे पार्कांच्या, म्हणजे सुट्टीपुरती भाड्याची घरं देणाऱ्या वसाहतींच्या, साइट उघडल्या की डोकं चालेनासं होतं. स्टॅटिक कॅरॅव्हन (पार्कातच कायम उभं असलेलं फिरतं घर), लॉज (तेच, पण मोठं आणि बंगलीसारखं), त्यात पुन्हा सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे. त्याच आठवड्याला, त्याच पार्कात लॉजचे पैसे जवळजवळ दुप्पट. नवरा म्हणतो कॅरॅव्हन बास झाली, झोपायलाच तर जायचंय. नणंद म्हणते हॉट टबवाला लॉज घ्या, म्हाताऱ्यांचे पाय शेकतील. आणि नवऱ्याचा मित्र त्याची गाडीमागे ओढायची कॅरॅव्हन फुकट द्यायला तयार आहे.

आम्ही सहा जण: आम्ही दोघं, आई-बाबा, मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपी. मेअखेरच्या हाफ-टर्मला, शाळेच्या सुट्टीत, जावं की शाळा बुडवून जूनमध्ये, हेही ठरत नाहीये. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

---

रस्त्यावरचा_पांडू

फुकटच्या कॅरॅव्हनचा विषय आधी संपवतो. मी स्वतः टूरिंगवाला, म्हणजे कॅरॅव्हन गाडीमागे ओढत फिरणारा आहे, तरी तुम्हाला नको म्हणतो.

लायसन्सची अडचण नाही. १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. पण येतो म्हणून ओढावा असं नाही. मागे कॅरॅव्हन असली की मोटरवेवर ६० ची मर्यादा, दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर उजवीकडची लेन बंद. मागे तुमच्याच गाडीच्या नंबरची पाटी लावावी लागते. विमा उसन्या कॅरॅव्हनला लागू होतो का, ते मित्राला आणि तुमच्या विमा कंपनीला, दोघांनाही विचारा.

शिवाय व्हिटबीचे रस्ते. थर्स्कहून येणारा ए१७० सटन बँकचा घाट चढतो. तिथे कॅरॅव्हनला बंदीच आहे, चढ चारास एक. गाडीतल्या सॅटनॅव्हला (रस्ता दाखवणाऱ्या यंत्राला) हे माहीत असेलच असं नाही. तुम्ही यॉर्ककडून ए६४ ने माल्टन आणि तिथून ए१६९ ने पिकरिंगवरून याल. तो रस्ता चालतो, पण स्लाइट्स गावाआधी ब्लू बँकचा उतार लागतो, पाचास एक. पहिल्यांदा ओढणाऱ्या माणसाने सहा जणांसकट तिथे शिकू नये.

आणि मुख्य म्हणजे टूरिंगमधला संडास कॅसेटचा, म्हणजे मैला काढता येणाऱ्या टाकीत साठतो. ती कॅसेट रोज उचलून पार्काच्या ठरलेल्या जागी रिकामी करायला कोण जाणार, ते घरी आधी ठरवा. जावईबापू तयार असतील तर माझी हरकत नाही 😀

---

खाडीकाठ

अनुजाताई, मी मूळची देवगडची, लग्न होऊन मिडल्सब्रोला आले. व्हिटबी इथून गाडीने तासाभरावर. भारतातून कोणीही आलं की त्यांना तिकडे न्यायचं, हा आमच्या घरचा रिवाजच पडलाय. सासू-सासरे, मावशी, चुलत नणंदेचं अख्खं कुटुंब, सगळ्यांना कॅरॅव्हनमध्येही ठेवलंय आणि लॉजमध्येही. त्यामुळे जरा लांबण लावते, कंटाळा आला तर पुढे जा.

फोटोंवर जाऊ नका. फोटोत सगळीकडे तोच राखाडी सोफा आणि तीच खोटी शेगोटी. ज्यावर सुट्टी बरी जाईल की वाईट हे ठरतं, त्या गोष्टी फोटोत येत नाहीत: संडास किती, झोपायच्या खोल्या खऱ्या किती, दारापुढे पायऱ्या किती आणि भिंत केवढी जाड. या चार गोष्टी जिथे जमतील ते घ्या, मग पाटीवर लॉज लिहिलेलं असो की कॅरॅव्हन.

स्टॅटिक कॅरॅव्हन साधारण बारा फूट रुंद आणि पस्तीस-अडतीस फूट लांब. आत शिरलं की हॉल आणि ओटा एकत्र, मग चिंचोळा बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या. जाहिरातीत "सहा जणांसाठी" असतं, त्यात हॉलमधला सोफा ओढून केलेला पलंग धरलेला असतो. म्हणजे कोणीतरी हॉलमध्ये झोपणार. आणि तुमचे बाबा पाचला उठून चहा टाकणार ना? आमचे मामंजी टाकायचे. झोपणारा आणि चहा टाकणारा यांच्यात चार फुटांचं अंतर. दुसऱ्या दिवसापासून घरात बोलणं कमी होतं. तेव्हा आकडा बघू नका, तीन बेडरूम आहेत का ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्या बेडरूममधले पलंग अरुंद असतात, मधे पाय ठेवण्यापुरती फट. मुलांना मजा वाटते. आईला त्यातल्या पलंगावर झोपवू नका, रात्री उठताना धरायला काही नसतं.

दोन संडास हवेतच. सहा माणसं, त्यात तीन वर्षांची मुलगी आणि बीपीची गोळी घेणारे बाबा. आमच्याकडे बीपीच्या गोळीने रात्री दोनदा उठणं होतंच. तीन बेडरूमच्या कॅरॅव्हनमध्ये बरेचदा एक पूर्ण बाथरूम आणि एक नुसता संडास असतो. पण बरेचदा, नेहमी नव्हे. फोन करून विचारा.

आता थंडी. नवरोबांना सांगा, मेच्या शेवटी व्हिटबीत दुपारी चौदा-पंधरा अंश असतात आणि रात्री आठच्या आसपास. वर उत्तर समुद्राचा वारा. लॉज बहुतेक करून बीएस ३६३२ या मानकाने बांधलेले असतात, म्हणजे बारमाही राहण्याजोग्या घराचं मानक. भिंती, फरशी, छप्पर सगळीकडे जाड अस्तर. साधी कॅरॅव्हन ईएन १६४७ ची, म्हणजे सुट्टीपुरती. जुन्या कॅरॅव्हनमध्ये हॉलमध्ये गॅसची शेगोटी आणि बेडरूममध्ये देवाचं नाव. पण आताच्या चांगल्या कॅरॅव्हनमध्ये दुहेरी काचा आणि सेंट्रल हीटिंग दोन्ही असतं, आणि ते असेल तर जूनमध्ये कॅरॅव्हनला काही धाड भरत नाही. मेमध्ये मी सासूबाईंना लॉजमध्येच ठेवते.

पायऱ्या: कॅरॅव्हनच्या दाराशी तीन-चार अरुंद पायऱ्या, एका बाजूला कठडा. गुडघेवाल्या माणसाला दिवसातून दहा वेळा तेच. डेकिंग (दारापुढचा लाकडी चौथरा) आणि उतार असलेली मागा. काही पार्कांत व्हीलचेअर जाईल अशा कॅरॅव्हन दोन-चार असतात, त्यात दारं रुंद आणि शॉवरला उंबरा नसतो. त्या फार आधी भरतात.

हॉट टबचं मला विचाराल तर नको. बीपीच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात बसू नये आणि इतक्या लहान मुलांना बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. म्हणजे त्याचे जास्तीचे पैसे भरून तुमचा नवरा एकटा डुंबणार.

जागा कुठली घ्यावी यावर घरोघरी भांडणं होतात. सॉल्टविकच्या कड्यावरून समुद्र अफाट दिसतो, ओहोटीला खाली १९७६ साली फुटलेल्या ॲडमिरल व्हॅन ट्रॉम्प या ट्रॉलरचे अवशेष दिसतात. कड्याकडेची वाट थेट ॲबीपर्यंत, म्हणजे गावावरच्या टेकाडावरल्या जुन्या पडक्या मठापर्यंत जाते. पण वारा सुटला की रात्रभर कॅरॅव्हन कुरकुरते आणि खालच्या पुळणीवर उतरणारी वाट आईसाठी नाही. रॉबिन हूड्स बे गाव देखणं, मात्र खालच्या गावात बाहेरच्यांनी गाडी न्यायची नाही आणि गल्ली उभ्या उतारावर. तिथे राहिलात तर आई वरच बसून राहील. मला तुमच्यासाठी हॉस्करकडचे पार्क किंवा सँड्सएंडच्या रस्त्यावरचे बरे वाटतात. समुद्र थोडा लांब, गावात गाडीने दहा-पंधरा मिनिटं. सँड्सएंडची पुळण सपाट आहे आणि रस्त्याला लागून आहे. आईला बाकावर बसवून मुलांना समोर खेळू देता येतं, याहून जास्त काय हवं.

बाबांच्या बंदराबद्दल. एस्क नदी गावाच्या मधून येऊन समुद्राला मिळते, दोन्ही काठांना घरं चढत गेलेली, मुखाशी दोन लांब धक्के. ओहोटीला वरच्या अंगाला निव्वळ चिखल, भरतीला सगळं तरंगायला लागतं. मधला पूल फिरता आहे, भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास बोटींसाठी उघडतो. त्या वेळात बाबांना पुलाशी उभं करा, हलणार नाहीत. मी खाडीकाठची, बंदरं पाहतच वाढले, तरी मीसुद्धा थांबते. ज्या गल्लीत दर्यावर्दी कॅप्टन कुक उमेदवारी करत असताना मालकाच्या घरी राहायचा, ती ग्रेप लेन पुलापासून दोन मिनिटांवर. त्याचं एंडेव्हर जहाज इथेच बांधलेलं, मूळ कोळसा वाहणारं. ते घर आता संग्रहालय आहे.

ॲबीला जायच्या १९९ पायऱ्या आईला चढवू नका. मागच्या बाजूने गाडी थेट वर जाते, तिथे पार्किंग आहे. मुलाला आणि बाबांना हौस असेल तर ते पायऱ्यांनी येतील, आई वर त्यांची वाट बघेल. गावात मात्र गाडी घालू नका. गिझबरो रोडवर, म्हणजे ए१७१ वर, पार्क अँड राइड आहे, तिथे गाडी लावली की बस खाली आणून सोडते.

आणि फ्रेट. हे कोणी सांगत नाही. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उबदार हवा थंडगार समुद्रावरून येते आणि धुकं घेऊन येते. सकाळी उठावं तर समोरची कॅरॅव्हन दिसत नाही. पाहुणे हिरमुसतात. हिरमुसू नका, गाडी काढा आणि आत मूरलँडवर, म्हणजे उंचावरच्या माळरानावर चला. किनाऱ्यापासून थोडं वर चढलं की बरेचदा स्वच्छ ऊन असतं. गोथलंडला वाफेच्या इंजिनाची गाडी बघा, व्हिटबीहून पिकरिंगपर्यंत जाते. तिकीट आधी काढा.

---

कांदेपोहे_लीड्स

खाडीकाठ ताईंनी सगळं सांगितलंय, एक राहिलं. फिश अँड चिप्स.

यॉर्कशरमध्ये जुन्या पद्धतीने मासा आणि चिप्स गाईच्या चरबीत तळतात, बीफ ड्रिपिंग म्हणतात. बऱ्याच दुकानांना त्याचा अभिमान असतो, पाटीवर लिहिलेलं असतं. तुमच्याकडे चालत असेल तर प्रश्न नाही. आमच्या आईला नंतर कळलं असतं तर तिने माझ्याकडेच उपास सोडला नसता. काउंटरवर सरळ विचारा की तेल वनस्पतीचं आहे का. काही दुकानं वनस्पती तेलात तळतात, काहींची वेगळी कढई असते. नुसते चिप्स खाणाऱ्यांनीही विचारायचं, कढई तीच.

आणि धक्क्यावर चिप्स हातात उघडे धरून चालू नका. सीगल डोक्यावरून येऊन उचलतात. तीन वर्षांची मुलगी घाबरेल.

---

मास्तर_यॉर्क

शाळेचं सांगतो. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून नियम एकसारखा आहे. विनापरवानगी दहा सत्रं, म्हणजे पाच दिवस, दहा शालेय आठवड्यांच्या आत बुडली की दंडाचा विचार होतो. प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड, २१ दिवसांत भरले तर. उशीर केला तर १६०. तुमचा शाळेत एकच मुलगा, पालक दोन, म्हणजे १६० पौंड आणि उशिरा ३२०. मुख्याध्यापक सुट्टीसाठी परवानगी सहसा देत नाहीत.

पार्कांचे हिशोब शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार असे असतात. सोमवार-शुक्रवार घेतलंत तर बरोबर दहा सत्रं. शुक्रवार-सोमवार घ्या आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघा, तर एक सोमवार बुडेल. गैरहजेरी लागेलच, पण दंडाच्या आकड्यापासून लांब राहाल. मी शिक्षक आहे, त्यामुळे शाळा बुडवा असं म्हणणार नाही. हिशोब तेवढा सांगितला.

---

नॉटिंगहॅमची_अनुजा

सगळ्यांचे मनापासून आभार! फुकटची कॅरॅव्हन रद्द, कॅसेटचं ऐकून नवऱ्याने स्वतःच मित्राला फोन केला. हॉट टबही रद्द. जूनमधला शुक्रवार-सोमवार बघतोय, तीन बेडरूम, दोन संडास, डेकिंग.

खाडीकाठ ताई, दोन प्रश्न. आई विचारतेय की तिकडे स्वयंपाकाला काय काय न्यावं. आणि नवऱ्याच्या डोक्यात आता नवीन किडा: दरवर्षी भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा एखादी जुनी कॅरॅव्हन विकत का घेऊ नये? पंधरा हजारांत मिळतेय म्हणतो.

---

खाडीकाठ

आईंना सांगा, कॅरॅव्हनमध्ये बहुतेक गॅसची चार बर्नरची शेगडी असते, कुकर नि तवा निर्धास्त आणा. नवीन लॉजमध्ये मात्र इंडक्शन असू शकतं. त्यावर लोखंडी तवा चालतो, ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. म्हणून बुकिंग करतानाच विचारा. पोळपाट-लाटणं आणा, मसाल्याचा डबा आणा, आमसुलं आणा. एक प्लास्टिकचा मगही आणा, शॉवर आईंना पुरायचा नाही. चादरी बहुधा मिळतात, टॉवेल बरेच ठिकाणी आपले न्यावे लागतात.

फोडणी टाकताना खिडकी उघडी आणि पंखा चालू. छत खाली असतं, मोहरी तडतडली की धुराचा भोंगा लगेच वाजतो. भोंग्यावर पिशवी बांधायचा आगाऊपणा कोणी करू नका. गॅसच्या जागेत तो आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही चालू हवेत. सासूबाई लाल मिरचीची फोडणी देत होत्या तेव्हा शेजारच्या कॅरॅव्हनमधले आजोबा चप्पल न घालता धावत आले होते. मग त्यांना कालवण दिलं.

कालवणावरून, मासे. उन्हाळ्यात बंदरातून बांगडा धरायच्या छोट्या बोटी सुटतात, तासा-दोन तासांची फेरी, गळ तेच देतात. इथला मॅकरल आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, अंगावर पट्टे, चव जास्त तेलकट. तिरफळं घालून केलात तर बाबा खूश होतील. कुर्ल्या आणि शेवंडं व्हिटबीत भरपूर उतरतात, शिजवलेली कुर्ली मिळते. मुलाला बंदराच्या भिंतीवरून दोरीने कुर्ल्या धरायला द्या, बादली आणि आमिषाचं सामान दुकानांत मिळतं. धरलेल्या परत पाण्यात सोडायच्या. ॲबीच्या पायऱ्यांखाली हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्यून्स नावाचं १८७२ पासूनचं धूरघर आहे, तिथले किपर, म्हणजे लाकडाच्या धुरावर सुकवलेले हेरिंग मासे, घरी न्यायला घ्या. कॅरॅव्हनमध्ये भाजू नका, पुढच्या पाहुण्यांपर्यंत वास राहतो.

आता नवरोबांचा किडा. पंधरा हजारांत कॅरॅव्हन मिळते, जागा मिळत नाही. जागा पार्काची, तुम्हाला फक्त ठेवायचा करार. त्याचं वर्षाचं भाडं काही हजार पौंड, दरवर्षी वाढणारं. वर गॅस, वीज, पाणी, विमा, आणि थंडीत नळ फुटू नयेत म्हणून पाणी काढून ठेवायचा खर्च. करारात वयाची अट असते, ठराविक वर्षं झाली की कॅरॅव्हन पार्कातून हलवायची. जुनी स्वस्त मिळते ती याच कारणाने, तिची शिल्लक वर्षं थोडी असतात. विकायला काढलीत तर पार्क कमिशन घेतं, १५ टक्के ऐकण्यात आहे. आणि ते कायमचं घर म्हणून वापरता येत नाही, मधे पार्क बंदही असतं.

लाखाच्या वरचे लॉज घेणाऱ्यांनाही हेच. दोन तुकडे जोडून केलेला मोठा लॉज कायद्याने कॅरॅव्हनच धरतात, २० मीटर लांब आणि ६.८ मीटर रुंद एवढ्या मापात बसला की झालं. घरासारखा दिसतो म्हणून घरासारखी किंमत चढत नाही, मोटारीसारखी उतरते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने निवृत्तीच्या पैशातून असा एक घेतला होता, पार्काचं नाव घेत नाही. काही वर्षांनी विकायला गेले तर पार्कवाल्यांनी दिलेला भाव ऐकून काकू दोन दिवस जेवल्या नाहीत.

एक मात्र खरं, की गावातली घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेऊन घेऊन व्हिटबीच्या पोरांना तिथे राहणं परवडेना. २०२२ मध्ये गावाने मतदान घेऊन मोठ्या बहुमताने सांगितलं की नवी घरं इथे कायम राहणाऱ्यांनाच द्या. नॉर्थ यॉर्कशर कौन्सिलने एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) दुप्पट केलाय. त्या हिशोबाने पार्कात भाड्याने राहणं मला मनापासून पटतं, कोणाचं घर अडत नाही. नवरोबांना सांगा, भाडं भरा आणि सोमवारी किल्ली देऊन मोकळे व्हा.

---

नॉटिंगहॅमची_अनुजा

नवऱ्याने वाचलं. "काकू दोन दिवस जेवल्या नाहीत" इथे गप्प झाला. 😄

आत्ताच हॉस्करजवळच्या एका पार्कात फोन केला. तीन बेडरूमची, सेंट्रल हीटिंग, दुसरा संडास आहे, डेकिंगला उतार आहे, गॅसची शेगडी. लॉजपेक्षा बरीच स्वस्त पडली. फक्त पडदे पातळ आहेत असं बाई स्वतःच म्हणाल्या.

---

खाडीकाठ

घेऊन टाका. पडद्यांचं मनावर घ्या मात्र, जूनमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही. मुलांच्या खोलीसाठी दोन गडद चादरी आणि चिमटे न्या. आणि निघायच्या आधी त्या तीन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्या, पुलासाठीही आणि पुळणीसाठीही. सँड्सएंडहून व्हिटबीला वाळूवरून चालत यायचा मोह होतो, भरती चढत असताना निघू नका.